मलावरोध : घरात न बोलला जाणारा विषय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण गेले काही दिवस संतवाङ्मय, नाट्यसंगीत, नर्मदापरिक्रमा अशा थोर विषयांवरची भाषणे ऐकलीत. आज माझ्या वाट्याला जो विषय आहे तो या पंक्तीत बसणारा नव्हे. कार्यवाहांची तर मोठीच पंचाईत झाली. विषय सूचनाफलकावर लिहायचा कसा? शेवटी त्यांनी 'आरोग्यविषयक व्याख्यान' एवढेच लिहून खडू खाली ठेवला. त्यांना मी दोष देत नाही. किंबहुना त्यांच्या त्या संकोचापासूनच मला आज सुरुवात करावयाची आहे, कारण माझ्या मते या विकाराचे अर्धे मूळ त्या संकोचात आहे.

आपली मराठी या बाबतीत फार लाजरी आहे. 'परसाकडे जाणे', 'बहिर्दिशेस जाणे', 'दिशेला जाऊन येणे' असे कितीतरी आडपडदे आपण विणले. घरामागचे परस गेले, गावाबाहेरच्या दिशा संपल्या, आपण तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकांत राहावयास आलो. पण आडपडदा कायम आहे. रक्तदाबाचे आकडे आपण लग्नाच्या पंगतीत सांगतो, साखरेचे आकडे कोजागिरीच्या रात्री सांगतो. पोट साफ होत नाही, ही गोष्ट मात्र नवरा बायकोला आणि बाप मुलाला सांगत नाही.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. साधा बी.ए. झालेला मनुष्य. सारी नोकरी केंद्र सरकारच्या सेवेत हिशेब तपासण्यात गेली. असे असूनही हा विषय मी कार्यवाहांकडून मागून घेतला. त्याचे कारण घरगुती आहे आणि ते मी भाषणाच्या शेवटी सांगणार आहे. गेल्या काही वर्षांत या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि आजचा मजकूर आपल्या मंडळाच्याच एका डॉक्टर सभासदांना दाखवून घेतला आहे. तेव्हा औषधांविषयी जे बोलेन ते माझे शहाणपण नव्हे. मी केवळ टपाल पोचवणारा.

प्रथम मलावरोध म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची अशी ठाम समजूत असते की, रोज सकाळी ठरल्या वेळी पोट साफ झालेच पाहिजे. एक दिवस चुकला की शरीरात विष भिनू लागले. ही समजूत फार जुनी आणि जगभर पसरलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन नावाचे एक नामांकित शल्यविशारद होते. साचलेल्या मळातून रक्तात विष जाते या कल्पनेने त्यांनी अनेक रुग्णांचे चांगले मोठे आतडे कापून काढून टाकले! पुढे ती उपपत्ती टिकली नाही. आजचे वैद्यक असे मानते की, दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही स्वाभाविक असू शकते. आठवड्यातून तीनहून कमी वेळा होणे, मळ खड्यासारखा घट्ट होणे, बराच वेळ कुंथावे लागणे, जाऊन आल्यावरही पोट मोकळे झाल्यासारखे न वाटणे, यांपैकी काही लक्षणे बरेच दिवस राहिली तर त्यास बद्धकोष्ठता म्हणावे. ज्याचा त्याचा कोठा निराळा असतो. म्हणून शेजाऱ्याच्या घड्याळाशी आपले घड्याळ लावू नये. स्वतःच्या नेहमीच्या चालीत झालेला बदल महत्त्वाचा. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता हे का घडते? आम्हा कचेरीतल्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगतो. प्रत्येक कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आवक रोज चालू आणि जावक बंद, असे झाले म्हणजे कागद टेबलावर साचतात. आणि जितके अधिक दिवस साचतात तितके ते हलवणे जड जाते. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे आहे. अन्नातील सत्त्व लहान आतड्यात शोषले गेल्यावर जो पातळ चोथा उरतो, त्यातले पाणी शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम. हे काम ते विश्रांती न घेता करीत असते. चोथा जितका अधिक वेळ तिथे थांबेल तितके अधिक पाणी शोषले जाईल आणि तितका तो अधिक कोरडा व घट्ट होईल. घट्ट झाला की बाहेर पडताना दुखते; दुखते म्हणून मनुष्य टाळतो; टाळले की आणखी घट्ट होते. सारा विकार या चक्रात आहे.

चक्र सुरू होण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले कारण अन्न. आयर्लंडचे डॉ. डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतील युगांडात अनेक वर्षे शल्यचिकित्सा केली. मैद्याचा पाव खाणारे विलायतेतील लोक आणि कोंड्यासकट धान्य खाणारे आफ्रिकी खेडूत यांची तुलना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. खेडुतांच्या पोटातून अन्न दीड दिवसात बाहेर पडे, तर विलायतेतील लोकांना तीन दिवसांहून अधिक काळ लागे. मळाचे वजनही खेडुतांचे कितीतरी अधिक. फरक होता तो चोथ्याचा, ज्याला आपण तंतुमय पदार्थ म्हणतो. हा चोथा पचत नाही, हाच त्याचा गुण. तो पाणी धरून ठेवतो, मळाला आकारमान देतो आणि आतड्याला पुढे ढकलण्यास काहीतरी देतो.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपले आजोबा-पणजोबा कोकणातून, विदर्भातून, देशावरून इकडे आले. त्यांतले कितीतरी १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेल्यानंतर त्याच मार्गाने आले. येताना त्यांनी नाचणीची आणि ज्वारीची भाकरी, कुळथाचे पिठले, मोड आलेल्या मटकीची उसळ बरोबर आणली होती. आमच्या पिढीने यांपैकी काय ठेवले? सकाळी पोहे-जिलबी, चार वाजता समोसा, पाहुणे आले की इथली सुप्रसिद्ध खव्याची जिलबी. मी जिलबीचा शत्रू नाही, हे माझ्या आकारमानावरून आपल्या लक्षात आलेच असेल. पण मैदा, साखर आणि तूप या तिघांत मिळून चोथा नावालाही नाही. आणि हे कुठे? ज्या जबलपुरात हिवाळाभर हिरव्या वाटाण्याच्या राशी पडतात, ज्याला इथे बिही म्हणतात तो पेरू हातगाड्यांवर ढिगाने मिळतो, ज्याच्या शेजारी मंडला-दिंडोरीत कोदो-कुटकी पिकते, तिथे! मोठ्या माणसाच्या आहारात रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅम चोथा असावा असे आहारशास्त्र सांगते. कोंडा न चाळलेल्या कणकेच्या पोळ्या किंवा भाकरी, दोन वेळा भाजी, एक वाटी उसळ किंवा सालीची डाळ आणि दोन फळे एवढे झाले की हा हिशेब बहुतेक जमतो. आमच्याकडे सौभाग्यवतींनी कणीक चाळण्याची चाळणी माळ्यावर टाकली, ही आमच्या घरातली एकमेव क्रांती होय.

दुसरे कारण पाणी आणि हालचाल. याबाबत एक गोष्ट स्पष्ट करावी. जो पुरेसे पाणी पितो त्याने आणखी चार तांबे रिचवले म्हणून पोट साफ होईल असे नाही. ते पाणी लघवीवाटे निघून जाते. पण जो कमी पितो, आणि मे महिन्याच्या इथल्या उन्हात असे पुष्कळ असतात, त्याला त्याचा निश्चित त्रास होतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हालचालीविषयी म्हणावे तर खुर्चीवर बसून निवृत्त झालेला मनुष्य घरी येऊन दूरदर्शनपुढे बसतो, एवढाच त्याचा प्रवास. रोज अर्धा तास झपाट्याने चालणे हे औषधच आहे.

तिसरे कारण वेग अडवून धरणे. आणि माझ्या मते आपल्या समाजात हे सर्वांत मोठे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे आहे. शरीराचे जे तेरा स्वाभाविक वेग माणसाने अडवू नयेत, त्यांची यादी तिथे दिली आहे. मळाचा वेग अडवल्यास पोटशूळ, डोकेदुखी, पोट फुगणे, इतकेच काय पण पोटऱ्यांत वांब येणे ही लक्षणेही तिथे सांगितली आहेत. आधुनिक शास्त्रही याच निष्कर्षाला येते. झोपेतून उठल्यावर आणि जेवल्यावर मोठ्या आतड्यात हालचालीची एक लाट येते. ती लाट आली तेव्हा उठला तो जिंकला. वारंवार ती परत पाठवली म्हणजे आतडे सूचना देणेच सोडून देते.

आणि ही लाट परत कोण पाठवते? माझी आई. तुमचीही आईच. आमच्या लहानपणी नऊ माणसांत एक शौचालय होते. वडिलांना कारखान्याच्या भोंग्याची घाई, आम्हा मुलांना शाळेची. आई पहाटे उठून चूल, पाणी, डबे यांत गुंतलेली असे. सर्वांचे आटोपून घर रिकामे होईपर्यंत तिला वेळ नसे, आणि वेळ होई तेव्हा वेग गेलेला असे. रेल्वेने नागपूर-मुंबईकडे जायचे म्हणजे आदल्या संध्याकाळपासून ती पाणी कमी करी, गाडीत जावे लागू नये म्हणून. जन्मभर तिला हा त्रास होता, आणि आम्ही सहा भावंडांनी एकदाही विचारले नाही. आज घरोघरी दोन दोन शौचालये झाली तरी सकाळचा पहिला हक्क घरातल्या बाईला मिळतो का, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.

चौथे कारण औषधे आणि इतर रोग. लोहाच्या गोळ्या, काही कॅल्शियमच्या गोळ्या, अॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधे, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची व मनोविकारांची काही औषधे यांनी पोट जड होते. ती आपल्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना सांगावे. बहुधा पर्याय असतो. थायरॉइड मंदावणे, मधुमेह, कंपवात, खिन्नता या विकारांतही बद्धकोष्ठता होते. शिवाय काही जणांत मळ उतरण्याच्या वेळी जे स्नायू सैल पडावयास हवेत तेच नेमके आवळले जातात. अशांना कितीही रेचके दिली तरी उपयोग थोडा. त्यांना त्या स्नायूंचे प्रशिक्षण द्यावे लागते आणि तसे उपचार आता उपलब्ध आहेत.

आता उपचार. त्यांचा एक क्रम आहे आणि तो उलटा करू नये, हे सांगण्यासाठी हा सारा प्रपंच.

पहिली पायरी सवय. सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा घ्यावा. न्याहारीनंतर थोड्या वेळाने, वेग असो वा नसो, दहा मिनिटे शांतपणे बसावे. वर्तमानपत्र आणि तो मोबाइल बाहेर ठेवावा. कुंथू नये. बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. उकिडवे बसल्याने मलाशयाचा मार्ग सरळ होतो. गुडघ्यांमुळे ज्यांना कमोडशिवाय गत्यंतर नाही त्यांनी पायांखाली सहा ते नऊ इंच उंचीचे लहान स्टूल ठेवून थोडे पुढे वाकून बसावे. स्टूल म्हणालो, जेवणाचा पाट नव्हे. नाहीतर उद्या आपल्या घरून माझ्याकडे तक्रार यायची.

दुसरी पायरी आहार, पाणी आणि व्यायाम, त्याविषयी बोललो. व्यायामाबाबत दोन मराठी मनाला जवळच्या गोष्टी सांगतो. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब उणा होतो, हे त्यांनी यंत्राने मोजून दाखवले आणि त्यास आपल्या गुरूंच्या नावाने 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले. दुसरी गोष्ट महात्माजींची. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना स्वतःला बद्धकोष्ठतेचा त्रास होता, अधूनमधून रेचक घ्यावे लागे, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. पुढे निसर्गोपचाराचा त्यांनी ध्यास घेतला आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला जो आश्रम सुरू झाला तो आजही आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाला आपल्या कोठ्याविषयी जगापुढे लिहिण्यात संकोच वाटला नाही. आपल्याला घरात बोलण्याचा वाटतो!

तिसरी पायरी इसबगोल. आपल्या मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात आणि शेजारच्या गुजरात-राजस्थानात हे पीक येते. त्याचा भुसा म्हणजे निव्वळ पाणी धरणारा चोथा. एक-दोन चमचे भरपूर पाण्यात घालून लगेच प्यावे आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. कोरडा कधीही फाकू नये, घशात अडकतो. थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी, नाहीतर पोट गुबारते. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

चौथी पायरी मळात पाणी ओढून आणणारी औषधे: लॅक्ट्युलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही डॉक्टर देतात ती. मॅग्नेशियमचे दुधाळ औषध मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी घेऊ नये. आणि अगदी शेवटी आतड्याला चाबूक मारून पळवणारी औषधे: सोनामुखी, बिसाकोडिल, एरंडेल.

एरंडेल म्हणताच सभागृहातील काही चेहरे वाकडे झालेले मला इथून दिसत आहेत! महिन्यातून एका रविवारी चहात एरंडेल घालून रांगेने सर्व मुलांना पाजण्याचा सोहळा आमच्या घरीही होता. त्या दिवसापासून चहाचा रंग पाहून मला शंका येते. धडधाकट मुलांना असे रेचक देण्याची काही गरज नव्हती, हे आता कळते.

आपल्या जुन्या औषधांत हिरडा मला अधिक प्रिय आहे. तो, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, आणि कोवळा सुकवलेला बाळहिरडा आपल्या बाळांच्या गुटीत उगाळला जातो. मंडल्याच्या रानातून येणारा इथला 'हर्रा' तो हाच. ब्रिटिश अमदानीत कातडी कमावण्यासाठी हिरडा जहाजे भरून विलायतेस जाई. त्या व्यापारात मालाच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. त्यांतली एक प्रत 'जबलपूर' आणि दुसरी 'वेंगुर्ला'. माझे आजोबा वेंगुर्ल्याकडचे. ते नोकरीसाठी इथे येण्याच्या कितीतरी आधी हिरड्याच्या बाजारात ही दोन्ही गावे शेजारी शेजारी नांदत होती, हे वाचून मला फार गंमत वाटली.

पण बाजारात रात्रीच्या चूर्णाचे जे डबे मिळतात त्यांतल्या पुष्कळांत हिरड्यापेक्षा सोनामुखीचा जोर असतो. सोनामुखी हे विष नव्हे. काही रुग्णांना डॉक्टर ती मुद्दाम देतात. माझी तक्रार निराळी आहे. कोणाला न सांगता, कोणी न तपासता, महिनोन्महिने घेतलेले चूर्ण मूळ दुखणे झाकून ठेवते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, ताळेबंदातली तूट शोधण्याऐवजी रोज उसनवारी करून शिल्लक जुळवण्यासारखे ते आहे.

आता ते घरगुती कारण सांगतो.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, इथल्याच एका कारखान्यात यंत्रशाळेत पर्यवेक्षक होते. त्यांच्यावर घड्याळ लावावे असा मनुष्य. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, २०१५ साली, पावसाळा संपता संपता आम्ही दोघे ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला गेलो होतो. परत येताना ते सहज म्हणाले, "अरे, हल्ली पोट पूर्वीसारखे साफ होत नाही रे." मी हसलो. म्हणालो, "दादा, वय झाले की चालायचेच. रात्री चूर्ण घेत जा." आणि चूर्णाचे नावही मीच सांगितले. ते पुन्हा काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. पुढे अधूनमधून रक्त दिसू लागले. मूळव्याध असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली. वजन उतरले, तेव्हा आम्ही सर्वांनी त्यांच्या सकाळच्या फिरण्याचे कौतुक केले! वहिनींना रक्ताविषयी काहीही ठाऊक नव्हते. २०१६ च्या पावसाळ्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा तपासणीत रक्त फार कमी निघाले, आणि दुर्बिणीने पाहिल्यावर मोठ्या आतड्याचा कर्करोग. तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी शर्थ केली. त्यांना दोष देण्यास जागा नाही. २०१७ च्या माघात दादा गेले.

त्यांचे कपाट आवरताना चूर्णाचे रिकामे डबे सापडले. दादा काही टाकून देत नसत. प्रत्येक डब्यात खिळे, स्क्रू, वायसर वेगवेगळे भरून वर आपल्या वळणदार अक्षरात माप लिहिले होते. हिशेब तपासणाऱ्याचा स्वभाव. मी ते मोजले. अकरा होते. महिन्याला एक याप्रमाणे अकरा महिने. त्या अकरापैकी पहिल्या डब्याचे नाव मी सांगितले होते.

म्हणून मित्रहो, आता जे सांगतो ते लिहून घेतलेत तरी चालेल. पन्नाशीनंतर पोटाची नेहमीची चाल नव्याने बदलली, मळावाटे रक्त गेले, कारण नसता वजन उतरले, रक्त कमी निघाले, किंवा आलटून पालटून बद्धकोष्ठता आणि जुलाब होऊ लागले, तर चूर्ण घ्यावयाचे नाही, डॉक्टर गाठावयाचा. रक्ताला मूळव्याध म्हणण्याचा अधिकार तपासणाऱ्याला आहे, आपल्याला नाही. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर रात्र काढू नये, तडक रुग्णालयात जावे. अशा वेळी रेचक घेणे घातक आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना बरेच दिवस न होऊन अचानक पातळ पाझरू लागले, तर तो जुलाब असेलच असे नाही. आत घट्ट खडा अडकलेला असून त्याच्या बाजूने पाणी वाहत असते. तेथे जुलाब थांबवण्याची गोळी दिली तर दुखणे वाढते.

आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल त्यांनी चाळिशीपासूनच, काही त्रास नसला तरी, तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. मी ते दादांच्या माघारी केले. दुर्बिणीत एक लहानसा कोंब दिसला. पुढे जाऊन असल्या कोंबांचे कर्करोग होऊ शकतात. तो त्याच वेळी काढला. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी आलो. दादांच्या आजाराने मला जे दिले ते त्यांच्या वेळी मी त्यांना देऊ शकलो नाही. या वर्षी मलाही सत्तावन्न पूर्ण झाली आहेत.

बहुतेकांची बद्धकोष्ठता ही अशी भयंकर नसते, हे मी पुन्हा सांगतो. शंभरांतल्या बहुसंख्यांना न चाळलेली कणीक, एक पेरू, अर्धा तास चालणे आणि सकाळची दहा निवांत मिनिटे एवढे पुरते. घाबरवण्यासाठी मी उभा राहिलो नाही. पण साधे दुखणे आणि गंभीर दुखणे यांतला फरक दुसऱ्याला सांगितल्यावाचून कळत नाही, आणि आपण तर सांगतच नाही.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. गावाकडे कोणी आत्या, कोणी मावशी चेहरा पाहूनच 'काय होतेय रे?' असे विचारी. इथे ते नाते या मंडळाने पन्नास वर्षे निभावले. गणेशोत्सवात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण एकमेकांना 'कसे काय, बरे आहे ना?' म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकतो. माझी विनंती एवढीच की, आज घरी गेल्यावर घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ जरा बसावे आणि विचारावे, 'पोट साफ होते ना?' कदाचित ते रागावतील, कदाचित हसतील. ग्वारीघाटावरून परत येताना मी ज्या जागी हसलो, त्या जागी तुम्ही मात्र हसू नये. आणखी एक प्रश्न विचारावा.

कार्यवाहांनी पुढच्या खेपेस विषय फलकावर स्पष्ट अक्षरांत लिहावा, अशी त्यांना विनंती करून मी माझे भाषण संपवतो.